‘मुलं कार्टूनच निवडतील’ म्हणणाऱ्या सचिवांना काय सांगू?

पत्र: सर, मी नाशिकरोडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचने शाळेला दीड लाख रुपये दिलेत. अट एकच, भिंतींवर ओरिजिनल चित्रं लागली पाहिजेत, बाजारातली पोस्टरं नकोत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चित्रं मुलांनाच निवडू दे. मला खूप आनंद झाला, पण आता संस्थेचे सचिव म्हणतात मुलांना काय कळतंय, ती कार्टून नाहीतर गाड्या निवडतील. एक संचालक त्यांच्या मेहुण्याचं चित्र घ्या म्हणून मागे लागलेत, धावणारे सात घोडे. आणि खरं सांगू का, भीती मलापण वाटते, मुलांनी भलतंच काही निवडलं तर? शिवाय ज्या चित्रकारांना नाही म्हणायचं त्यांना तोंड कसं दाखवू, नाशिक केवढंसं आहे. – एक चित्रकला शिक्षिका

मॅडम, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला त्या ९६ च्या बॅचचंच कौतुक वाटलं, कारण माजी विद्यार्थी म्हटलं की वॉटर कूलर नाहीतर स्टेजला ग्रॅनाइट आणि त्याच्यावर सगळ्यांची नावं, हे ठरलेलंच असतं. ह्यांनी चित्रं मागितली. तेव्हा पैसे जपून वापरा पण घाबरून वापरू नका.

आधी सचिवांचं बघू. मुलं कार्टून निवडतील म्हणतात ना, बरोबर आहे त्यांचं, तुम्ही शनिवारी शेवटच्या तासाला मोबाइलवर वीस चित्रांचे फोटो दाखवून हात वर करा म्हणालात तर मुलं कार्टूनच निवडतील आणि सचिवांना तसंच बाकावर बसवून हात वर करायला लावलं तर ते सात घोडे निवडतील. पटकन निवड म्हटलं की माणूस ओळखीचं उचलतो, मग तो बारा वर्षांचा असो की बासष्टचा. मुलांना कळत नाही असं नाहीये, त्यांना बघायला वेळ मिळत नाही आणि बघितल्यावर ‘का’ हे कुणी विचारत नाही.

हे मी तोंडावर आपटून शिकलोय बरं का. नोकरीत असताना एकदा असेच थोडे पैसे आले होते, मी मोठा लोकशाहीवाला, नववीच्या वर्गात पाच चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि हात वर करायला सांगितले. पहिल्याच चित्राला मॉनिटरचा हात वर गेला आणि त्याच्या मागोमाग अख्ख्या वर्गाचा. दोन मिनिटात निकाल. चित्र आलं, लागलं, आणि त्याच्यासमोर एखादं पोरगं थांबलेलं मला वर्षभरात दिसलं नाही. पुढच्या खेपेला मी उलटं केलं, चित्रं पंधरा दिवस हॉलमध्ये लावून ठेवली आणि सांगितलं की मत नकोय, कारण हवंय, ते पण कागदावर, आणि नुसतं ‘छान आहे’ लिहिलं तर कागद परत. त्यात एक छोटं एचिंग होतं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटवलेलं चित्र, वीतभर, करडं-काळपट, द्राक्षबागेत गारपीट होऊन गेल्यावरचं. मला ते जरा मरगळलेलंच वाटलं होतं म्हणून मी कोपऱ्यात लावलेलं. निफाडकडून येणारा सातवीतला एक मुलगा, ज्याची चित्रकलेची वही कधी पूर्ण नसायची, त्याने लिहिलं की गार पडून गेल्यावर असाच उजेड असतो आणि घरात कुणी बोलत नाही. तो कागद मी वाचून दाखवला तर सगळी पोरं उठून त्या कोपऱ्यात परत बघायला गेली. मीपण गेलो. तेच घेतलं आम्ही. म्हणून सांगतो, मतदान शेवटी ठेवा, अगदीच अडलं तर, आणि तेसुद्धा चिठ्ठ्यांवर.

कमिटीत कोण घ्यायचं हे तुम्ही विचारलं नाहीये पण सगळं गाडं तिथेच अडतं म्हणून सांगतो. फक्त चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेली मुलं घेऊ नका. त्या मुलांना चित्र कसं ‘असायला हवं’ हे आपणच शिकवून ठेवलेलं असतं, शेडिंग नीट आहे का, पर्स्पेक्टिव्ह बरोबर आहे का, ती परीक्षकाच्या नजरेने बघतात. पाचवी ते नववी मिळून बारा-चौदा मुलं पुरेत, त्यात दोन-तीन चित्र काढणारी, बाकी गणितवाली, खो-खोवाली, मागच्या बाकावरची, एखादी अजिबात न बोलणारी मुलगी, आणि हो, शिपाई मामांना घ्या. हसू नका. कुठली भिंत जुलैमध्ये ओली होते, कुठल्या वळणावर पोरं दप्तरं घासत पळतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि चित्र कुठे लागणार हे माहीत नसताना चित्र निवडणं म्हणजे माप न घेता चप्पल आणणं. दहावीला मात्र सोडा, त्यांचे आईवडील तुमच्या दारात उभे राहतील.

सचिवांना हे नवीन फॅड वाटत असेल तर एक गोष्ट सांगा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडमध्ये अजून रेशनिंग चालू, आणि अशा काळात १९४६ ला ब्रेंडा रॉन्सली नावाच्या बाईंनी नामांकित चित्रकारांकडून खास शाळांसाठी लिथोग्राफ, म्हणजे छापचित्रं, करून घेऊन स्वस्तात विकायला सुरुवात केली, पुढे १९४९ मध्ये त्यात पिकासो, मातीस, ब्राकसुद्धा आले. १९४७ पासून नॅन यंगमन ह्या चित्रकार बाईंनी शाळांना ओरिजिनल चित्रं घेता यावीत म्हणून प्रदर्शनं भरवली, ती १९६९ पर्यंत चालली. भाकरी मोजून मिळत होती तेव्हा त्यांना शाळेच्या भिंती आठवल्या. आपल्याकडे निदान दीड लाख रोख आहेत.

आता बघायची सवय. हे घाईत करू नका, दोन-तीन आठवडे द्या. सार्वजनिक वाचनालय म्हणजे आपली सावाना, १८४० ची, तिच्या वस्तुसंग्रहालयात मुलांना न्या, पण सगळं दाखवत फिरवू नका, एका चित्रासमोर दहा मिनिटं बसवा. पहिली दोन मिनिटं चुळबुळ, मग एखादा म्हणतो ‘त्याचा हात बघ कसाय’ आणि तिथून गाडी सुरू होते. दुसरी ट्रिप पांडवलेणीला. मुलं म्हणतील पाहिलंय, पाचवीत सहलीला आलो होतो. त्यांनी पायऱ्या पाहिल्यात आणि माकडं पाहिलीत. ह्या वेळी दहा नंबरच्या लेण्यात न्या, तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे, त्याने लेण्याबरोबर ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, दान दिली आणि ती इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, ठेवली, २००० दरमहा एक टक्क्याने आणि १००० पाऊण टक्क्याने, मूळ रकमेला हात लावायचा नाही, नुसतं व्याज वापरायचं आणि त्यातून भिक्खूंची वस्त्रं वगैरे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची एफडीच की ही. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, आणि तुम्हालापण त्यातून एक आयडिया घेता येईल, ती पुढे सांगतो.

घोड्यांचं काय करायचं? त्या संचालकांना नाही म्हणू नका. उलट म्हणा, पाठवा ना, नक्की पाठवा. फक्त नियम सगळ्यांना एकच ठेवा, चित्र हॉलमध्ये लागेल तेव्हा सही कागदाच्या पट्टीने झाकलेली, खाली नाव नाही, किंमत नाही, फक्त नंबर. मेहुण्याचा घोडा पाच नंबर. मुलांनी कारणं लिहून झाली, तीन-चार चित्रं राहिली, की मग पट्ट्या काढा आणि किमती सांगा, कारण किंमत आधी सांगितली तर मुलं महागातलं चांगलं समजतात. (मोठीपण तेच करतात, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत उभं राहून बघा कधीतरी.) आणि समजा मुलांनी कारणं देऊन घोडेच निवडले तर? तर घ्यायचे मॅडम. माझ्या पोटात दुखेल, तुमच्यापण दुखेल, पण घ्यायचे. नाहीतर पुढच्या वेळी मुलं तुमच्या चेहऱ्याकडे बघून चित्र निवडतील. पण मला वाटत नाही तसं होईल, मी पोरांना घोड्यांबद्दल ‘हे आमच्या दातांच्या डॉक्टरकडे आहे’ असं म्हणताना ऐकलंय आणि ह्याहून कडक समीक्षा मी पेपरात वाचलेली नाही.

संचालक मंडळाला जे काही म्हणायचंय ते आधी म्हणू द्या आणि लेखी घ्या. बजेट किती, साइज किती, कुठले विषय शाळेत लावता येणार नाहीत, हे सगळं एका पानावर, सह्यांसकट. मुलांसमोर येण्याआधी एखादं चित्र मोठ्यांनी काढून टाकलं तर ठीक आहे, तो त्यांचा अधिकार. पण मुलांनी निवडल्यानंतर नकार नाही. ही एकच गोष्ट तुम्ही मुख्याध्यापिकांकडून पक्की करून घ्या, बाकी सगळं इकडचं तिकडे झालं तरी चालेल. ‘तुम्ही निवडा’ म्हणून नंतर सरांनी बदललं हे मूल आयुष्यभर विसरत नाही, आणि त्यापेक्षा पहिल्यापासून मोठ्यांनीच निवडलेलं बरं.

पैशांचं गणित असं करा. दीड लाखात एकच मोठं कॅनव्हास घ्यायचा मोह होईल, उद्घाटनाला फोटो छान येतो ना. नका घेऊ. पन्नास हजार शाळेच्या नावाने एफडीत टाका, उषवदात स्टाइल, सहा-सात टक्के धरले तर वर्षाला तीन-साडेतीन हजार येतात आणि तेवढ्यात चित्रकला महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं छानसं लिनोकट (लिनोलियमवर कोरून कागदावर उमटवलेलं चित्र) दरवर्षी घेता येतं, म्हणजे दरवर्षी नवी कमिटी, नवं भांडण. वीस हजार फ्रेमिंगला बाजूला काढा, हे सगळे विसरतात. राहिलेल्या ऐंशीमध्ये सहा-सात कामं येतील, छोटी-मध्यम, आणि त्यात प्रिंट जरूर घ्या. प्रिंट नको म्हणतात ते पोस्टरबद्दल, हे त्या बॅचला समजावून सांगा. लिनोकट, वुडकट, एचिंग ही चित्रकाराने स्वतः ठसा करून हाताने काढलेली कामं असतात, खाली पेन्सिलने ४/२० असं लिहिलेलं असतं म्हणजे वीसपैकी चौथी प्रत, शेजारी सही. ती ओरिजिनलच, आणि एकापेक्षा जास्त प्रती असतात म्हणून खिशाला परवडतात. मुलांच्या हातात भिंग द्या, कॉम्प्युटरच्या छपाईत बारीक ठिपके दिसतात, लिनोत शाईचा थर आणि कागदावर दाब दिसतो. हा तास मुलांना फार आवडतो, डिटेक्टिव्ह झाल्यासारखं वाटतं.

जलरंग तर आपल्या गावाचं घरचंच. शिवाजी तुपे सरांची निसर्गचित्रं बघत बघत आमची पिढी ब्रश धरायला शिकली, आणि आजही नाशिकमध्ये चांगलं वॉटरकलर करणाऱ्यांची कमी नाही. फक्त एक विनंती, सातच्या सात गोदाघाट नकोत. रामकुंड, नारोशंकर, सकाळचं ऊन, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, मला स्वतःला प्राणाहून प्रिय आहे आणि मीही डझनभर केलेत, पण मुलांना गावाबाहेरचंपण दिसू दे, नाहीतर अमूर्त काहीतरी, ज्याच्यावर भांडता येईल. आणि पेठ-सुरगाण्याकडे जा ना. वारली चित्र आपल्या जिल्ह्यातल्या वारली घरांमधूनही काढलं जातं, गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने, वारलीतले मोठे चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूकडचे, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली आणि २०१४ पासून वारलीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. काढणाऱ्याच्या हातून, त्याच्या घरी बसून घ्या, कुर्त्यावरचं छापील वारली नको. बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात त्या आदिवासी उत्सवाचा, मुखवटा करणारा कुणी भेटला तर नवीन करून मागा, नाचवलेला मागू नका, तो त्यांचा देव असतो. शाळेच्या कलेक्शनमध्ये मुखवटा का नको?

चित्रकारांना नाही कसं म्हणायचं, हा तुमचा खरा घोर दिसतोय. सुरुवातीलाच फोनवर स्पष्ट सांगा की दहा-बारा जणांची कामं हॉलमध्ये पंधरा दिवस लागणार आहेत, मुलं निवडणार आहेत, सहा-सात घेतली जातील. आणायचा-न्यायचा खर्च शाळेचा. ज्याला हे चालत नाही तो तिथेच नाही म्हणेल, राग नाही. मग ज्यांची कामं परत जाणार त्या प्रत्येकाला कमिटीतल्या एका मुलाने हाताने पत्र लिहायचं, आभारबिभार नको, चित्रात काय दिसलं तेवढंच. ‘तुमच्या चित्रातली सायकल कुणाची आहे ह्यावर आमचं दोन दिवस भांडण झालं’ असं पत्र आलं की चित्रकार ते स्टुडिओत लावून ठेवतो, मी लावलंय. आणि कृपा करून ‘शाळेसाठी आहे, फुकट द्या’ किंवा ‘निम्म्यात द्या’ म्हणू नका. त्याने आपणहून कमी केलं तर घ्या. बिल घ्या, पैसे पंधरा दिवसात बँकेतून द्या. तोंड लपवायची वेळ पैसे थकवल्यावर येते, नकारावर येत नाही.

चित्रं आली की क्लार्क ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवेल, पंखे आणि बाकड्यांच्या मध्ये, ‘चित्र, नग ७’. चढवू दे, ऑडिटला लागतं. पण तुमचं वेगळं रजिस्टर ठेवा, चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम, साइज, किंमत, फोटो, आणि मुलांनी लिहिलेली कारणं चिकटवून. नाहीतर पंधरा वर्षांनी तुम्ही रिटायर, नवीन क्लार्क, मोडक्या बाकड्यांबरोबर निर्लेखनात, म्हणजे जुनं सामान रजिस्टरमधून काढून टाकतात त्यात, चित्रंपण जातात, मी माझ्या डोळ्यांनी एक तैलचित्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर बघितलंय. आणखी एक, चित्र विकत घेतलं म्हणजे कॉपीराइट आपला होत नाही, तो चित्रकाराकडेच राहतो, त्यामुळे शाळेच्या कॅलेंडरवर किंवा वार्षिक अंकाच्या कव्हरवर छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. भिंतीवर म्युरल करून घेतलंत तर नंतर मनाला येईल तसं फोडताही येत नाही, विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं म्युरल १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं तर केस चालली आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. लॅमिनेशन अजिबात नाही. कागदावरच्या कामाला ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे कागद पिवळा न पाडणारी पुठ्ठ्याची चौकट, त्याने काच चित्राला टेकणार नाही, आपल्याकडे चार महिने पाऊस, काच टेकली की बुरशी आलीच. आणि मागे चारही कोपऱ्यात कॉर्कचे तुकडे, म्हणजे फ्रेम आणि भिंतीमध्ये हवा खेळते. कॅनव्हासला काच नको. खिडकीसमोर लावू नका, उन्हाने जलरंग उडतात, फळ्याजवळ नको, खडूची धूळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंची! शाळेत चित्र म्हटलं की नेत्यांच्या फोटोंच्या रांगेत, छताला टेकून, पुढे झुकवलेलं, जयंतीच्या हाराचा खिळा शेजारी. पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यासमोर लावा. सचिवांना वाकून बघावं लागलं तर वाकतील.

भलतंच निवडलं तर, म्हणता. एखादं निवडतील, सातात एखादं फसणारच, माझ्या स्वतःच्या घरात दोन फसलेली आहेत आणि ती मी भर पगारात घेतली होती. ते पण लावा. दोन वर्षांनी त्याच मुलांना विचारा आता कसं वाटतंय, ती स्वतःच सांगतील.

काम दिवाळीनंतर सुरू करा, भिंती वाळलेल्या असतात, मुलं परीक्षेतून मोकळी असतात. हॉलमध्ये चित्रं लागली की मला कळवा, मी येतो, पट्टी न काढता बघतो आणि कागदावर कारण लिहून देतो, ‘छान आहे’ लिहिलं तर परत करा. फक्त हॉल तिसऱ्या मजल्यावर नसेल तर बरं, गुडघे माझे काही ऐकत नाहीत आता.